दिवा बदलण्याआधी

संपादक महोदय,
घरातील प्रोजेक्टरचे चित्र मंद झाले किंवा तो मध्येच बंद पडू लागला की दुरुस्ती करणारे बहुधा थेट नवा दिवा सुचवतात. माझ्याही बाबतीत तेच घडले; प्रत्यक्षात हवेची जाळी धुळीने भरल्यामुळे यंत्र तापून आपोआप बंद पडत होते, आणि ती साफ करताच तक्रार मिटली.

चित्रात रंगाची झाक आली, तर आधी प्रोजेक्टरचा स्वतःचा मेनू पडद्यावर आणून पाहावा. मेनू स्वच्छ दिसत असेल, तर दोष बहुधा केबलमध्ये किंवा चित्र पाठवणाऱ्या उपकरणात असतो. डीएलपी यंत्रात (म्हणजे चिपवरील सूक्ष्म आरशांनी चित्र उमटवणाऱ्या प्रोजेक्टरमध्ये) एकाच जागी चिकटून राहणारे पांढरे ठिपके मात्र हे आरसे बिघडल्याचे लक्षण असून तिथे नव्या दिव्याचा काहीही उपयोग होत नाही.

पाऱ्याच्या वाफेचा दिवा साधारण २,००० ते ५,००० तास चालतो. तो बदलायचाच झाल्यास यंत्र पूर्ण थंड होऊ द्यावे, काचेला बोट लावू नये आणि यंत्रातील दिव्याच्या तासांची नोंद शून्यावर आणावी (हे हमखास विसरले जाते!), अन्यथा नवा दिवा बसवूनही दिवा बदलण्याचा इशारा कायम राहतो. जुना दिवा, त्यात पारा असल्याने, घरच्या कचऱ्यात टाकू नये.

आपला,
एक वाचक