ओंकार, ती रायफल आत्ता चालवू नकोस

ओंकार,

तू घरी भरलेली गोळी त्या विंचेस्टर ९४ मधून उडवल्यावर निघालेल्या केसचे, म्हणजे गोळीच्या रिकाम्या पितळी नळीचे, फोटो मोठे करून करून बघितले आणि मग फोन न करता लिहायलाच बसले, कारण फोनवर तू "आई काही नाही झालंय, चालतीये ती" म्हणतोस आणि विषय संपतो. चालतीये एवढं मला पुरत नाही रे. माझी सगळी नोकरी भोसरीत प्रेशर व्हेसल तपासण्यात गेली, डोळ्याला एकदम क्लीन दिसणारा जॉइंट डीपी टेस्टला (रंग लावून बारीक चीर शोधतात ती) लाल रेघ दाखवतो हे मी कितीदा तरी पाहिलंय.

आधी त्या केसचं. प्रायमर, म्हणजे बुडातली ठिणगी देणारी टोपी, नुसता चपटा असता तर मी एवढी घाबरले नसते, तसा तो नेहमीच्या दाबाच्या गोळीलाही कधी कधी होतो. पण इथे प्रायमरभोवती काजळी आहे म्हणजे गॅस मागे आलाय, लिव्हर उघडायला तुला तळहाताने फटका मारावा लागला, आणि प्रायमर नखाने निघतोय म्हणजे पितळेचं बूडच पसरलंय. तुझ्या .३०-३० गोळीची दाबाची मर्यादा ४२,००० पीएसआय, साधारण २,९०० बार. बूड पसरेपर्यंत ती मर्यादा बरीच मागे पडलेली असते.

आता रायफल. विंचेस्टर ९४ चा बोल्ट, म्हणजे गोळीमागे बंद होणारा सरकता दांडा, मागून लॉक होतो, लॉकिंग ब्लॉक वर येऊन बोल्टच्या पाठीला टेकतो, बोल्ट ॲक्शनसारखे पुढे लग, म्हणजे अडकणारे दात, नसतात. त्यामुळे दाब आला की अख्खा बोल्ट दबतो आणि रिसीव्हर, म्हणजे हे सगळं ज्यात बसतं ती बॉडी, ताणला जातो. नेहमीच्या दाबाला सगळं परत जागेवर येतं, पण स्टील यील्डच्या, म्हणजे परत मूळ मापाला येण्याच्या मर्यादेच्या, पलीकडे गेलं की येत नाही, हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढे केसला मिळणारी जागा, वाढलेलाच राहतो आणि मग फॅक्टरीची चांगली गोळीसुद्धा केस ताणते आणि ती कधीतरी बुडाजवळ तुटून गॅस तुझ्या तोंडाकडे येतो.

म्हणून पहिलं म्हणजे ट्यूब मॅगझिन पूर्ण रिकामी कर, फॉलोअर, म्हणजे स्प्रिंगपुढचा गोळ्या ढकलणारा तुकडा, डोळ्यांनी दिसेपर्यंत. मग बॅरलमध्ये उजेड टाकून बघ, कुठे काळसर वर्तुळ दिसतंय का. घट्ट पॅच, म्हणजे कापडाचा तुकडा, रॉडवर घालून मझलकडून, म्हणजे बॅरलच्या तोंडाकडून, हळू ढकल, सगळीकडे सारखा घट्ट जाणारा पॅच मध्येच एका जागी सैल झाला तर तिथे बॅरल फुगलीये, आणि तशी बॅरल बदलायचीच. लॉकिंग ब्लॉक आणि तो रिसीव्हरमध्ये ज्या खाचांत बसतो त्या जागा गनस्मिथकडून उघडून घे, नवी चमक, बर (धातूची वर आलेली खरखरीत कड) किंवा दबलेली कड दिसतीये का हे त्याला भिंगातून बघायला सांग आणि डीपी टेस्टही करून घे. हेडस्पेस तपासायचे गो आणि नो-गो गेज त्याच्याकडे असतील, गोवर लिव्हर मिटली पाहिजे, नो-गोवर मिटता कामा नये. नो-गोवर लिव्हर बोटाने हलकेच मिटवून बघायची, जोर लावायचा नाही, जोराने मिटवून "मिटली की" म्हणणारे मी गेज-रूममध्ये खूप पाहिलेत आणि त्यांचं रीडिंग मी कधी घेतलं नाही.

त्याच बॅचच्या आधी उडवलेल्या केसेस फेकू नकोस, धुऊसुद्धा नकोस. पेपरक्लिपचं टोक काटकोनात वाकव आणि केसमध्ये घालून बुडापासून आतल्या भिंतीवरून वर ओढ. बुडाच्या थोडं वर टोक खाचेत अडकलं तर ती केस तिथे पातळ झालीये, अजून एकदोनदा वापरली की तुटली असती.

उरलेल्या गोळ्यांपैकी एकही उडवायची नाही. पुलरने बुलेट, म्हणजे गोळीचा पुढचा उडणारा भाग, काढून प्रत्येकीची पावडर वेगळी वजन कर, त्याआधी तराजू चेक-वेटने, म्हणजे नक्की माहीत असलेल्या वजनाने, तपास. लांबीही मोज, मॅगझिनमधल्या गोळ्या डब्यातल्यांपेक्षा आखूड भरल्या तर क्रिम्प, म्हणजे बुलेटभोवती दाबलेलं केसचं तोंड, सैल आहे आणि स्प्रिंगच्या दाबाने नि रिकॉइलने बुलेट आत सरकलीये, आतली जागा कमी झाली की दाब वाढतोच. केस २.०३९ इंचापेक्षा लांब झालीये का तेही बघ, लांब केसचं तोंड चेंबरच्या, म्हणजे बॅरलमध्ये गोळी बसते त्या जागेच्या, पुढच्या कडेला दाबलं जातं आणि बुलेट सुटत नाही. आणि खरं सांग, त्या दिवशी टेबलावर पिस्तूलच्या पावडरचा डबा उघडा होता का, चुकून तीच भरली गेली का? असेल तर मी रागावणार नाही, पण कारण सापडल्याशिवाय गोळ्या भरायच्या प्रेसला हात लावू नकोस. यापुढे टेबलावर एका वेळी एकच डबा.

हंटिंग सीझन जवळ आलाय हे मला माहितीये, मित्राची रायफल माग, नाहीतर यंदा नुसता सोबत जा. गनस्मिथने गेज लावलं की फोटो आणि रीडिंग दोन्ही पाठव, रात्री कितीही वाजता पाठव, मी जागीच असते.

आई