दाढ गेली, दुखणे राहिले

महोदय,

कानापुढे ठणका लागायचा, भाकरी चावताना जबडा कट्‌कन वाजायचा. आधी कानात थेंब घातले, मग दाढ काढली, दुखणे तसेच. ३ वर्षे गेली. अखेर दंत महाविद्यालयातल्या एका डॉक्टरांनी गालाचा स्नायू बोटाने दाबला आणि मी कळवळले. तोंड जेमतेम २८ मिलिमीटर उघडत होते. एरवी ४० च्या आसपास उघडते. झोपेत दात आवळण्याची सवय निघाली. मऊ खाणे, शेक, जबड्याचे व्यायाम आणि रात्री दातांवर बसवायची पट्टी, एवढ्यावर ४ महिन्यांत उतार पडला. शस्त्रक्रिया लागलीच नाही. दाढ उपटण्याआधी जबड्याचा सांधा आणि स्नायू चाचपून पाहावेत, ही दंतवैद्यांना कळकळीची विनंती. माझी दाढ धडधाकट होती हो!

– एक निवृत्त शिक्षिका, मिरज