हजेरीवहीतल्या रिकाम्या चौकटी

ताई,
सप्रेम नमस्कार.

पहिल्या वर्षी आमचे संख्याशास्त्राचे विद्यार्थी अभ्यासक्रमातल्या समाजसेवेसाठी तुमच्या अभ्यासिकेत आले ते मी तयार केलेली अठरा प्रश्नांची प्रश्नावली घेऊन. सत्र संपताना मी तुमच्या हातात जाडजूड अहवाल ठेवला. तुम्ही चाळलात आणि विचारलंत, "हा कुणासाठी?" तेव्हा राग आला होता, आज कबूल करते. मुखपृष्ठावर माझंच नाव मोठ्या अक्षरात होतं, म्हणजे उत्तर तुम्हाला दिसतच होतं.

दुसऱ्या वर्षी प्रश्न तुम्ही दिलात: दुपारच्या वर्गाची हजेरी का घसरते? सोबत पेन्सिलने भरलेली हजेरीवही. मुलांनी ती संगणकावर चढवली, रिकाम्या चौकटींत शून्य टाकलं, सरासरी काढली. एका महिन्यात हजेरी थेट निम्म्यावर! तुम्ही वहीवर बोट ठेवलंत. "अहो, हे शून्य नाही. तेव्हा मी आजारी होते, अभ्यासिकाच बंद होती."

'मिसिंग डेटा', म्हणजे नोंदच नसलेली माहिती, हा भाग मी वर्गात दहा मिनिटांत उरकते. त्या दिवशी मुलं त्यावर दोन तास भांडत होती. बंद दिवस वगळल्यावर घसरण जवळजवळ नाहीशी झाली. उरल्या फक्त मोठ्या मुली, आठवड्यातले ठरावीक दोन दिवस गैरहजर. त्याचं कारण वहीत कुठेच नव्हतं. त्या दोन दिवशी धाकट्या भावंडांना सांभाळायला घरात दुसरं कुणी नसतं, हे तुम्ही सांगितलंत, आणि मग त्यांच्या वर्गाची वेळ बदललीत.

सेवा कोणती हवी हे ज्यांच्यासाठी ती आहे त्यांनीच ठरवावं, असं सेवेतून शिक्षण या पद्धतीवर लिहिणाऱ्या रॉबर्ट सिग्मन यांनी १९७९ मध्येच लिहून ठेवलंय. मी ते परीक्षेत विचारत असे! प्रत्येक अनुभव शिकवतोच असं नाही, हे शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युई यांचं १९३८ मधलं म्हणणंही पाठ होतं. तरी गुण मात्र देत होते तीस तास सेवा केल्याच्या सहीच्या कागदाला. आता ते मुलांच्या रोजनिशीला देते: काय गृहीत धरलं होतं, कुठे चुकलं, कुणी दाखवलं. "समाजसेवा रविवारी करा, अभ्यासक्रमात कशाला?" असं म्हणणारे सहकारी अजून आहेत. त्यांना मी त्या रोजनिश्या वाचायला देते.

तुमचा वेळ मात्र आमच्या कुठल्याच हिशेबात धरला नव्हता. दर सत्रात नवी मुलं, त्यांना पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं, आणि ती रुळली की निघून जाणार. हा शिकवण्याचाच भाग होता, तो तुम्ही केलात, मानधन मी घेतलं. त्याबद्दल आभार मानताना संकोचच वाटतो.

यंदा चाळीस नाही, दहाच मुलं पाठवते आहे, तीही पूर्ण वर्षासाठी. पहिले दोन आठवडे ती कशालाही हात लावणार नाहीत, नुसती बसतील.

मागच्या भेटीत तो अहवाल तुमच्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली दिसला. राहू द्या तिथेच.

तुमची,
संख्याशास्त्राची बाई