बातम्यांचा क्रम वाचकाच्या हाती हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अनेक वृत्तपत्रांतल्या बातम्या वाचकाच्या आवडीनुसार एकत्र करून देणारी एक सेवा मी रोज वापरतो. एकाच घटनेबद्दल चार ठिकाणी काय छापून आलं, हे शेजारी शेजारी दिसतं. ही सोय खरोखर मोलाची आहे. पण गुडघेदुखीवरचा एक लेख काय उघडला, नंतर कितीतरी दिवस तेलं, पट्टे आणि शस्त्रक्रियाच वर! अर्थसंकल्पाची बातमी पार तळाशी. ‘यात रस नाही’ हे बटण दाबूनही फारसा फरक पडला नाही. उघडलं ते आवडलं, हे गृहीतकच मुळात चुकीचं आहे.

२०१३ साली बंद झालेल्या गूगल रीडर या वाचनसेवेत कोणती संकेतस्थळं वाचायची, हे वाचकच ठरवत असे. आरएसएसची, म्हणजे निवडलेल्या संकेतस्थळांवरचा नवा मजकूर आपोआप एका यादीत आणण्याची, ती पद्धत आजही वापरता येते. मग या सेवांनी निदान कालक्रमानुसार यादीचा पर्याय पहिल्याच पानावर द्यावा आणि प्रत्येक बातमी का दाखवली, हे खाली लिहावं. शिवाय मूळ वृत्तपत्राचं नाव इतक्या बारीक अक्षरांत का? बातमीसाठी राबणाऱ्या वार्ताहराचं श्रेय ठळकच दिसलं पाहिजे.

– एक नियमित वाचक