नाइटच्या सिस्टर, तुमचं नाव विचारायचं राहिलं

सिस्टर, नमस्कार.

ठाण्यातल्या त्या हॉस्पिटलात मी पाच रात्री तुमच्या हवाली होते आणि तुमचं नाव विचारलं नाही. म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय.

३३वा आठवडा चालू होता. पाय सुजलेले, बांगड्या रुतत होत्या. घरात सगळे म्हणायचे, शेवटी शेवटी येतेच सूज. दोन दिवस डोकं ठणकत होतं. बरगड्यांच्या मध्ये दुखायचं, ते मी ॲसिडिटी समजून ओवा चावून काढत होते. कळव्याहून खाडीपूल ओलांडून रिक्षाने आलो ते नुसतं ‘दाखवून येऊ’ म्हणून. तुम्ही फाइल उघडायच्या आधीच विचारलंत, “डोळ्यांपुढे काजवे चमकतात का गं?” चमकत होते. बीपी १७६/११४, लघवीत प्रोटीन तीन प्लस. प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून फिटपर्यंत जाऊ शकणारा आजार. पुढे तुम्ही मला खाटेवरून उतरू दिलं नाहीत.

मॅग्नेशियम शिरेतून जाताना अंगाची लाही लाही झाली. वर कमरेत दोन्ही बाजूंना त्याचंच एकेक इंजेक्शन, त्यांनी तर आठवडाभर धड बसू दिलं नाही! मॅग्नेशियम फिट येऊ नये म्हणून आणि लॅबेटॅलॉल बीपी उतरवायला, हा फरक माझ्या नवऱ्याला तुम्हीच समजावलात.

मग दर चार तासांनी तुमची ती छोटी हातोडी. गुडघा उडतोय ना, श्वास मिनिटाला १६च्या खाली नाहीत ना, चार तासांत लघवी १०० मिली तरी झाली ना, हे बघितल्याशिवाय पुढचा डोस नाही. उशाशी कॅल्शियम ग्लुकोनेटची अँप्युल चिकटपट्टीने लावून ठेवलेली. आई मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला आली, तेव्हा तुम्ही त्या अँप्युलकडे बोट दाखवून म्हणालात, “आजी, मॅग्नेशियम जास्त झालं तर त्याचा उतारा तिथे टांगलाय.” आई त्या रात्री पहिल्यांदा हसली.

बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून डेक्साची (डेक्सामेथासोनची) चार इंजेक्शनं ठरली होती. तिसरं झालं आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स घसरून ९० हजारांवर आल्या. डॉक्टर चौथ्यासाठी थांबले नाहीत, सिझर केलं. मुलगी १ किलो ६५० ग्रॅम.

मला वाटलं, सुटलो. तुम्ही मात्र पुढचे २४ तास मॅग्नेशियम चालूच ठेवलंत, हातोडीसकट. बाळंतपणानंतरही फिट येऊ शकते, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. डिस्चार्जच्या कागदावर तुम्ही पेनने मोठ्ठं लिहिलंत: डोकं दुखलं तर गोळी घेऊन झोपायचं नाही, इकडे यायचं.

नवव्या दिवशी दुखलं. आलो. बीपी १६२/१०८ होतं, गोळ्या वाढवल्या. तुमची नाइट नव्हती.

चार्टवर तुमची सही आहे, नुसतं एक वळण आणि खाली दोन टिंबं. पुढच्या महिन्यात पोरीला घेऊन रात्री येणार आहे. तीच सही दाखवून विचारेन.

तुमची,
खिडकीजवळच्या खाटेवरची