जलतरण तलावांनी संयुक्त क्लोरीनही मोजावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर जलतरण तलावांवर नोंदणीसाठी रांगा लागतात आणि त्या पाठोपाठ दरवर्षी त्याच तक्रारी कानावर येतात. मुलांचे डोळे लाल होतात, घसा खवखवतो, पोहून आल्यावर कोरडा खोकला सुटतो. तलावावर विचारणा केली की, ‘क्लोरीन भरपूर टाकतो, वास येतोय ना, म्हणजे पाणी शुद्ध आहे,’ असे ठरलेले उत्तर मिळते. आमच्या भागातील एका बंदिस्त तलावावर मलाही हेच ऐकवण्यात आले. रसायनशास्त्र शिकवण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला हे उत्तर गिळवत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

पाण्यात बेताच्या प्रमाणात असलेल्या मुक्त, म्हणजे अजून कशाशीही संयोग न झालेल्या क्लोरीनला फारसा वास नसतो. तलावाच्या दारातच नाकात शिरणारा तो उग्र दर्प बहुतांशी क्लोरामाइन या संयुगांचा (त्यांत अडकलेला क्लोरीन तो ‘संयुक्त’) असतो, आणि ती तयार होतात क्लोरीनचा घाम व लघवी यांतील युरिया, अमोनिया यांसारख्या नत्रयुक्त पदार्थांशी संयोग झाल्यावर. म्हणजे वास जितका तीव्र, तितका क्लोरीन माणसांनी आणलेल्या घाणीवर खर्ची पडलेला. या संयुगांपैकी ट्रायक्लोरामाइन सर्वांत त्रासदायक आहे, कारण ते पाण्यात जेमतेम विरघळते, सहज हवेत निसटते आणि त्याची वाफ हवेच्या सुमारे चौपट जड असल्याने हवा खेळती नसलेल्या बंदिस्त तलावात ती पाण्याच्या पृष्ठभागालगत रेंगाळते. पोहणारा श्वास घेतो तो नेमका तिथेच.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडमधील कासारवाडीच्या तलावावर क्लोरीन वायूची गळती होऊन काही जणांना रुग्णालयात हलवावे लागले, तेव्हा त्याची बातमी झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण रोज थोडेथोडे श्वासात जाणाऱ्या या उपपदार्थांची बातमी होत नाही. त्यांचा शोध मात्र नवा नाही. रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यातील रसायनतज्ज्ञ योहानेस रूक यांनी १९७४ मध्येच दाखवून दिले होते की, क्लोरीनची नदीच्या पाण्यातील सेंद्रिय द्रव्यांशी अभिक्रिया होऊन क्लोरोफॉर्म आणि त्याच्या जातकुळीतील ट्रायहॅलोमिथेन तयार होतात. तलावात हे सेंद्रिय द्रव्य आपण अंगावरून घेऊन जातो : घाम, केसांचे तेल, पावडर, सनस्क्रीन. बार्सिलोनातील तलावांच्या पाण्याचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात असे शंभराहून अधिक उपपदार्थ सापडले. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये वेगळीच युक्ती योजली. शीतपेयांत वापरला जाणारा एक कृत्रिम गोडवा शरीरात न पचता लघवीवाटे तसाच बाहेर पडतो. तलावात तो किती आहे हे मोजून त्यांनी ८ लाख ३० हजार लिटरच्या एका तलावात सुमारे ७५ लिटर लघवी असल्याचा अंदाज काढला. आपल्याकडे कुणी असे मोजले आहे की नाही कोण जाणे, पण आपला आकडा कमी निघेल अशी पैज मी लावणार नाही.

याचा अर्थ पोहणे सोडावे, असा कोणी काढू नये. बेल्जियममधील संशोधकांनी २००३ मध्ये बंदिस्त तलावांत जाणाऱ्या शाळकरी मुलांमधील दम्याशी या हवेचा संबंध जोडला होता, पण पुढे २०११ मध्ये ब्रिटनमधील ब्रिस्टल परिसरातल्या हजारो मुलांच्या पाहणीत पोहण्यामुळे दमा वाढल्याचे दिसले नाही, उलट पोहणाऱ्या मुलांची फुप्फुसे अधिक सक्षम आढळली. तेव्हा आठवड्यातून दोनचार वेळा उघड्या तलावात डुंबणाऱ्या मुलाच्या पालकांनी घाबरण्याचे कारण नाही. तिथला वारा बरेचसे काम करून टाकतो. मला काळजी वाटते ती दिवसदिवस बंदिस्त तलावाच्या काठावर उभे राहणाऱ्या जीवरक्षकांची आणि प्रशिक्षकांची. फ्रान्समध्ये नव्वदच्या दशकात जीवरक्षकांची तपासणी झाली तेव्हा हवेतील ट्रायक्लोरामाइन जसे वाढते तशा डोळे, नाक व घसा यांच्या तक्रारीही वाढतात, असे स्पष्ट दिसले होते. आपल्याकडे हे लोक बहुधा कंत्राटी असतात आणि खोकला हा नोकरीचाच भाग समजून गप्प बसतात.

क्लोरीन बंद करा, असेही मी म्हणत नाही. तो नसेल तर कावीळ, जुलाब आणि डोळ्यांच्या साथी पसरायला एक गढूळ तलाव पुरेसा आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, जे मोजायला हवे ते आपण मोजत नाही. तलावावर सकाळी होणारी चाचणी मी जवळून पाहिली आहे. काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकतात (ग्रामपंचायतीच्या नळयोजनेवर जिला ‘ओटी टेस्ट’ म्हणतात तीच ही), पाणी पिवळे झाले की रंगपट्टीशी ताडून पाहतात आणि वहीत एक आकडा लिहून मोकळे होतात. पिण्याच्या पाण्यात मुळात घाण कमी असल्याने तिथे हे चालून जाते. तलावात मात्र हा पिवळा रंग फसवा ठरतो, कारण क्लोरामाइनही तोच रंग देतात आणि नळी काही मिनिटे तशीच राहिली की दिसतो तो मुक्त व संयुक्त मिळून एकूण क्लोरीन. डीपीडी या दुसऱ्या रसायनाच्या गोळ्यांनी ही अडचण दूर होते. पहिल्या क्रमांकाच्या गोळीने आलेला गुलाबी रंग मुक्त क्लोरीन दाखवतो, त्याच नळीत तिसऱ्या क्रमांकाची गोळी टाकली की एकूण क्लोरीन कळतो, आणि दोहोंची वजाबाकी म्हणजे संयुक्त क्लोरीन. वहीत लिटरला २ मिलिग्रॅम लिहिलेले असेल आणि त्यातला मुक्त भाग १.२ असेल, तर उरलेले ०.८ म्हणजे क्लोरामाइन. जर्मनीच्या मानकात संयुक्त क्लोरीनची मर्यादा ०.२ आहे, ट्रायहॅलोमिथेनवरही तिथे लिटरला २० मायक्रोग्रॅमची स्वतंत्र मर्यादा आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या शिफारशीतही संयुक्त क्लोरीन ०.४ च्या वर जाऊ नये असे म्हटले आहे. आपल्या वहीतला तो २ मात्र ‘समाधानकारक’ ठरतो.

दुसरा गैरसमज नव्या गृहसंकुलांच्या जाहिरातींनी पसरवला आहे. ‘सॉल्ट वॉटर पूल’ म्हणजे क्लोरीनमुक्त तलाव, असे सदनिका विकताना सांगितले जाते. प्रत्यक्षात त्या यंत्रात मिठाच्या पाण्यातून वीज सोडून क्लोरीनच तयार केला जातो आणि घामाशी त्याची गाठ पडली की पुढचे सारे रसायनशास्त्र तेच असते. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत हा प्रश्न विचारून पाहावा, उत्तर देणाऱ्याची तारांबळ उडते.

उपाय महागडे नाहीत, निदान पहिला तरी नाही. पाण्यात उतरण्यापूर्वी मिनिटभर नीट अंघोळ केली तर अंगावरचा घाम, तेल आणि पावडर यांचा बराच भाग तलावाबाहेरच राहतो. आपल्याकडे शॉवर असतो, फलकही असतो, पण बॅचची शिट्टी वाजली की मुले धावत जाऊन थेट उडी मारतात आणि कोणी अडवत नाही. वाळूचे फिल्टर पाण्यात विरघळलेला युरिया अडवू शकत नाहीत, तो कमी करायचा तर रोज थोडे जुने पाणी काढून ताजे भरावे लागते. उन्हाळ्यात पाणीकपात आणि टँकरचे दर यांमुळे नेमके हेच टाळले जाते, त्यामुळे गर्दीच्या महिन्यांत युरिया साठत जातो. तलाव बंदिस्त असेल तर वीज वाचवण्यासाठी बाहेर हवा फेकणारे पंखे बंद ठेवणे हा शुद्ध आत्मघात आहे. पाण्याचा सामूही (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) ७.२ ते ७.६ च्या आसपास राखायला हवा. तो ८ वर गेला की क्लोरीनचा जेमतेम पाव भाग जंतू मारण्याच्या कामाचा उरतो, आणि मग कर्मचारी आणखी पावडर ओततात.

भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ३३२८ हे मानक तलावांच्या पाण्यासाठीच आहे, पण त्यातला एखादा आकडा तलावाच्या दर्शनी भागी लिहिलेला मी अजून पाहिलेला नाही. महापालिकांच्या क्रीडा विभागांनी यंदाच्या उन्हाळी बॅच सुरू होण्यापूर्वी आपल्या आणि परवाना दिलेल्या खासगी तलावांना दोन गोष्टी सक्तीच्या कराव्यात. डीपीडी चाचणी करून मुक्त क्लोरीन, संयुक्त क्लोरीन आणि सामू हे तीन आकडे सकाळ-संध्याकाळ तिकीट खिडकीशेजारी खडूने लिहावेत, आणि अंगावर पाणी न घेता आलेल्याला, मग तो आजीव सभासद का असेना, जीवरक्षकाने परत पाठवावे व त्या जीवरक्षकाच्या पाठीशी व्यवस्थापकाने उभे राहावे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, पुणे