रात्री आठचा फोन : आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी माणसं पाहिजेत आणि थोडी मदत पण

राम राम मंडळी. गावातलं वाचनालय आणि गणेश मंडळ, दोघांच्या वतीनं लिहितोय. जरा लांबलंय पण पूर्ण वाचा, कारण यंदा नुसती वर्गणी मागायची नाहीये, माणसं मागायचीयेत.

मागच्या वर्षी, २०२० च्या मार्चमध्ये, कोरोनाचं लॉकडाऊन लागलं तेव्हा आपण सगळ्यांनी मिळून किराणा वाटला, मजुरांसाठी खिचडी केली, ते काम दिसत होतं आणि जमलंही. यंदा, २०२१ च्या एप्रिलपासून, वेगळंच चाललंय. बऱ्याच घरात धान्य आहे, पण घरातलं माणूस झोपत नाहीये. अमळनेरकडून अँब्युलन्सचा आवाज आला की गल्लीतली दारं लागतात. खोकला आला तर लोक उशीत तोंड खुपसून खोकतात, शेजारी ऐकेल म्हणून. तपासणीला जायचं टाळतात, आणि टाळल्यामुळं खरंच उशीर होतो. आणि दारावर कुणी येत नाही, हे तर सगळ्यात वाईट. आपल्याकडं कुणी गेलं की दहा दिवस ओट्यावर माणूस हलत नाही, यंदा अंत्यविधीला वीसच माणसं, आणि नंतर तर तीही नाहीत. ज्या बाईचा नवरा गेला ती एकटी भिंतीकडं बघत बसलीये, आणि तिचा भाऊ पंचवीस किलोमीटरवर असून येऊ शकत नाही.

माझ्याच घरातलं सांगतो. एप्रिलमध्ये रात्री दीड वाजता लहान भावानं मला उठवलं, दादा श्वास येत नाहीये म्हणून. छाती धडधडत होती, हात गार पडलेले, बोटांना मुंग्या. जीप काढली, आधी अमळनेर, मग धुळ्याकडं निघालो. दोन ठिकाणी बेड नाही म्हणाले, एका ठिकाणी माणसाकडं बघायच्या आधी डिपॉझिट विचारलं. चौथ्या ठिकाणी पायरीवरच एका तरुण डॉक्टरनं त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, ऑक्सिजन ९८ टक्के दाखवलं. त्यानं छाती तपासली, तिथंच बसवलं, हळू श्वास सोड म्हणाला, सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लाव. अर्ध्या तासात मुंग्या गेल्या. मग डॉक्टरनं एकच विचारलं, जवळचं कुणी गेलं का? दुपारीच त्याचा शाळेतला मित्र गेला होता आणि हा रात्री एकपर्यंत मोबाईलवर स्मशानाचे व्हिडिओ बघत पडला होता. घरात कुणाला एक शब्द बोलला नव्हता. टेस्टही नंतर निगेटिव्ह आली.

डॉक्टरनं समजावलं ते असं, भीतीनं माणूस भरभर श्वास घ्यायला लागला की शरीरातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, त्यानं चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, छाती आवळल्यासारखी होते, आणि माणसाला वाटतं हाच कोरोना, की भीती अजून वाढते. पण कृपा करून याचा उलटा अर्थ काढू नका. दम लागतोय तर "टेन्शन असेल" म्हणून घरी बसायचं नाही. आधी मोजायचं, डॉक्टरला विचारायचं, मगच भीती म्हणायची. आपल्या भावाला वाचवलं ते मोजण्यानं आणि शेजारी बसलेल्या माणसानं, दोन्हींनी मिळून.

त्या रात्रीनंतर आम्ही चार-पाच जणांनी ठरवलं की रोज रात्री आठला फोन करायचा. ज्या घरात पेशंट आहे, ज्या घरात कुणी गेलंय, जिथं म्हातारं माणूस एकटं आहे. दुसरं काही नाही, पाच-दहा मिनिटं बोलायचं. सुरुवातीला वाटलं काय उपयोग होणार. मग एक दिवस वरच्या गल्लीतल्या आबांच्या सुनेनं सांगितलं. आबा बायकोच्या जाण्यानंतर खाटेवरून उठत नव्हते, भाकरी ताटात तशीच राहायची. आता साडेसातलाच उठतात, तोंड धुतात, टोपी घालतात, बटनाचा फोन बंडीच्या खिशातून काढून मांडीवर ठेवतात आणि त्याच्याकडं बघत बसतात. फोनवर पोरानं "जेवनात का आबा?" विचारलं की आबांना हो म्हणता यावं म्हणून आठच्या आधी जेवून घेतात. म्हणजे फोन आठला, पण त्याच्यामुळं साडेसातची भाकरी पोटात जातेय. हे ऐकलं आणि मला समजलं की आपण काय करतोय ते.

आता सध्या आम्ही अकरा जण आहोत आणि घरं दीडशेच्या वर झालीत. एकेकाच्या वाट्याला चौदा घरं येतात, रात्री दहा वाजतात, घाईघाईत बोललं की समोरच्याला कळतं, आणि ते नाही चालत. म्हणून अजून किमान दहा जण पाहिजेत. बाया-मुली पाहिजेतच, कारण कित्येक वहिन्या पुरुषाशी मोकळं बोलत नाहीत. अहिराणी, म्हणजे आपली खान्देशी बोली, येणारे पाहिजेत. पुण्या-मुंबईला, सुरतला असलेली आपल्या गावची पोरं घरून काम करतायत, त्यांनाही हे जमेल, उलट त्यांना गावाची काळजी लागून राहिलेली असते, त्यांचाही जीव रमेल.

फोनवर काय बोलायचं हे मनानं ठरवायचं नाही. मानसशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडमनी आम्हाला दोन तास फोनवरच शिकवलं, नव्या लोकांनाही त्या शिकवणार आहेत. "काही होत नाही हो, पॉझिटिव्ह रहा" हे वाक्य पहिलं बंद करायला लावलं त्यांनी, कारण ते ऐकलं की समोरचा गप्प होतो. आधी ऐकायचं. जेवण, झोप, बीपी-शुगरच्या गोळ्या, दिवसात कुणाशी बोललात का, एवढं विचारायचं. औषधाचं नाव सांगायचं नाही, काढाही सुचवायचा नाही, आज किती गेले ते तर अजिबात नाही. जे ऐकलं ते आपल्याजवळच ठेवायचं, बायकोलाही सांगायचं नाही. आणि कुणी म्हटलं की आता जगून काय करू, तर फोन ठेवायचा नाही, विषय बदलायचा नाही, सरळ विचारायचं की जीव द्यायचा विचार येतोय का. विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. दुसऱ्या फोनवरून त्याच्या घरच्यांना कळवायचं, आपल्यातलं कुणीतरी मास्क लावून त्याच्या ओट्यावर जाऊन बसायचं, आणि डॉक्टरशी गाठ घालून द्यायची. केंद्र सरकारची हेल्पलाइन आहे (२०२१ मध्ये किरण होती, आता टेलि-मानस, १४४१६), पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं. हा नंबर घरात भिंतीवर लिहून ठेवा. आणि शेतकरी घरांना हात जोडून सांगणं, फवारणीचं औषध घरात उघड्यावर ठेवू नका, कुलपात ठेवा, चावी दुसऱ्याकडं. वाईट घडी बऱ्याचदा थोड्या वेळात जाते, तेवढा वेळ हाताला डबा लागला नाही पाहिजे.

मॅडमनी सांगितलेली अजून एक गोष्ट माझ्या स्वतःच्या फार कामाला आली. काळजी करू नको म्हटल्यानं काळजी थांबत नाही, तिला वेळ ठरवून द्यायची. मी संध्याकाळी सहाला पंधरा मिनिटं वही घेऊन बसतो, डोक्यात जे जे आहे ते लिहितो, केळीचा भाव, बहिणीच्या सासूचा रिपोर्ट, पोराची परीक्षा, सगळं. मग ज्यात आज मला काही करता येईल त्याच्यासमोर काय करायचं ते लिहितो, बाकीच्यावर रेघ. रात्री तेच परत आलं तर मनाला सांगतो, उद्या सहाला बघू. हसाल तुम्ही, पण झोप लागते. आणि बातम्या दिवसातून एकदाच, रात्री तर नाहीच.

दुसरी मदत ऑक्सिमीटरची. वाचनालयातून पुस्तकं जातात तसेच आपण ऑक्सिमीटर देतो, रजिस्टरवर नाव, तारीख, सही, परत आला की सॅनिटायझरनं पुसून पुढच्या घरी. सध्या चार आहेत, सहा तरी अजून लागतील. तुमच्या घरातलं पेशंट बरं झालं असेल आणि मशीन कपाटात पडलं असेल तर द्या, महिन्याभरानं परत नेलं तरी चालेल. मोजायचं कसं तेही आम्ही फोनवर सांगतो. नखाला नेलपॉलिश नको, बोट गार नको, पाच मिनिटं शांत बसून मग लावायचं, आकडा स्थिर झाला की वाचायचा. ९४ च्या खाली आला किंवा सहा मिनिटं चालल्यावर तीनपेक्षा जास्त उतरला की लगेच डॉक्टरला फोन. अंगणात भर उन्हात चालू नका मात्र, आपल्याकडं सध्या बाहेर पाय ठेववत नाही.

पैशाचं सांगतो. महिन्याचा रिचार्ज माणशी दीडशेच्या आसपास जातो, कॉलेजच्या पोरापोरींना तो आपण देतो, त्यांच्या खिशातून जायला नको. चार-पाच घरात फोनच नाही, त्यांना बटनाचे फोन द्यायचेत, जुने चालू असलेले असतील तर तेच द्या. गणपतीचे जे काही शिल्लक होते ते यातच वापरले, मंडळाच्या सगळ्या पोरांनी एका आवाजात हो म्हटलं. दर रविवारी जमा-खर्च वाचनालयाच्या दारावर लावतो आणि ग्रुपवर फोटो टाकतो. पन्नास रुपये दिले तरी पावती मिळेल. ज्यांना यंदा जमत नाही त्यांनी अजिबात संकोच करू नका, कापसाचे पैसे कुणाचे कसे अडकलेत ते आम्हाला माहीत आहे.

आता आखाजीचं. शुक्रवारी १४ मेला आखाजी आहे, लागोपाठ दुसरं वर्ष लेकी माहेरी येणार नाहीत. निंबाला झोका बांधला तरी बसणार कोण. आणि यंदा ज्या घरात गेलेल्या माणसाच्या नावानं पहिल्यांदा घागर भरली जाणार आहे अशी घरं आपल्या गावात किती झालीत ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या दिवशी ती माणसं एकटी राहू नयेत असं वाटतं. म्हणून सकाळी घागर भरून झाली की त्या प्रत्येक घरी आपला फोन जाईल, आणि दुपारी ज्यांच्याकडं साधाच फोन आहे त्यांच्या ओट्यावर आपली पोरं स्मार्टफोन घेऊन जातील, लेकीला व्हिडिओ कॉल लावून देतील, फोन स्टुलावर ठेवून लांब उभी राहतील, आई-लेकीला बोलू देतील. आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई आधीच वणवण फिरतायत, त्यांच्यावर हे टाकायचं नाही. त्यासाठी एका दिवसापुरते पंधरा स्मार्टफोन लागतील. ईदही त्याच सुमाराला आहे, मोहल्ल्यातल्या ज्या घरात दुःख झालंय त्यांची नावं तिथल्या पोरांनी आणून दिलीत, तिथंही असंच.

फोन द्यायचा असेल तर गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळवा, आणि त्यावर नावाची चिठ्ठी चिकटवून, चार्जरसकट द्या. जमायचं कुठंच नाही, सोमवारी रात्री नऊला ग्रुप कॉल ठेवलाय, नव्या लोकांचं शिकणं त्यातच होईल. आमचे नंबर पंचायतीच्या फळ्यावर आणि वाचनालयाच्या दारावर आहेत. तुमच्या गल्लीत एखादं घर आमच्या यादीतून सुटलं असेल तर तेही सांगा, त्या घरच्यांना विचारून मगच सांगा.

फोन करायला येणाऱ्यांनी नाव कळवताना दोनच गोष्टी लिहा, अहिराणी येते का, आणि रोज रात्री आठ ते नऊ खरंच मोकळे असता का. एक दिवसाआड जमत असेल तर तसं लिहा, जोडी लावून देऊ. पण ज्या दिवशी हो म्हटलंय त्या दिवशी फोन गेलाच पाहिजे, आबा साडेसातपासून टोपी घालून बसलेले असतात.